दाखला

पदोन्नतीचा अर्ज. रकाना सातवा.
एकूण शोधनिबंध: एकेचाळीस.
एकूण दाखले: सहाशे तीन.
एच-इंडेक्स: चौदा.
पाठ आहे. दूरध्वनी क्रमांकासारखा.

सहाशे तीनांतले चारशे बारा एकट्या राखेचे.
फ्लाय ॲशवरचा आढावा, अकरा दिवसांत लिहिलेला,
गुहागरला बहिणीच्या माडीवर, ऐन मे महिन्यात,
फणसाच्या गऱ्यांनी चिकट झालेल्या कीबोर्डवर.
राख मी हातात घेतली नव्हती.
इतरांनी घेतली होती, मी त्यांचे दाखले दिले,
मग लोक माझे देऊ लागले.

आणि साखरीनाट्याच्या जेट्टीचा निबंध,
सहा वर्षं, पावसाळे सोडून बावन्न अमावास्या,
पहाटे पाचच्या सुकतीला यासीन होडेकरची पगार,
तो कोयतीने खांबावरची कालवं खरवडणार,
मी ओल्या काँक्रीटवर कांडी टेकवणार,
तो बॅटरी धरणार आणि आकडा मोठ्याने वाचणार
(त्याला चष्मा नको होता, मला हवा होता):
त्या निबंधाला दाखले तीन.
एक माझाच.
एक माझ्या विद्यार्थ्याचा, मी सांगितलं म्हणून.
एक पोलंडमधून. त्यात नाटे केरळात आहे
आणि जाक्करमधला एक क गळालाय.

आभारांत यासीनभाईंचं नाव होतं.
पानं वाढतात म्हणून संपादकांनी आभार काढले.
मी हो म्हटलं. एका ओळीच्या मेलमध्ये.

एकदा परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं होतं,
बाई, ते तुमचं चौदा म्हणजे काय?
म्हटलं, समजा चौदा टोपल्या,
दरेकीत निदान चौदा बांगडे.
वल्हं थांबलं.
आणि एकीत चारशे असले तर?
तरी ती एकच टोपली.
आणि जिच्यात तीनच, पण सुरमई?
ती मोजत नाहीत.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले,
लिलाव पुकारणारा कधी दर्यात गेलेला दिसत नाही.

खांब नऊ. उणे चारशे दहा मिलिव्होल्ट.
उणे साडेतीनशेच्या खाली गेलं
की दहात नऊ वेळा आतली सळी गंजत असते.
बंदर खात्याला पत्र दिलं, पोच मिळाली, उत्तर नाही.
यासीनभाईंनी होडीचा उरलेला लाल रंग आणला,
खांबाला कमरेच्या उंचीवर पट्टा मारला
आणि हात लुंगीला पुसले.

परवा गेले होते. आठ वर्षांनी.
पट्टा नाही. उधाणांनी धुतला असेल,
की वर कालवं चढली, कळेना.
यासीनभाईही नाहीत. त्यांच्या मुलाला
ग्रामपंचायतीतून बापाचा दाखला काढायला
चार खेपा पडल्या म्हणे.
दाखला शब्द ऐकून मी उगाच दचकले.

एक कोवळा पोरगा होडी लावत होता,
मिसरूडही धड नाही, मला ओळखायचं कारण नाही.
मी नऊला टेकून उभी. तो ओरडला,
ओ मावशी, दोर त्याला नाय, आठाला टाका!
का रे?
त्याला नाय बांधत.
पण का?
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं पाणी खारट का, असं विचारलंय.

नऊ अजून उभा आहे.
कदाचित दोर बांधत नाहीत, म्हणून उभा.
कदाचित त्या पहाटे कांडी नीट भिजली नव्हती
आणि आकडाच चुकला असेल.
पुन्हा मोजायला हवं. कांडी जुनी झाली आहे,
होडी कुणाची घ्यावी ठाऊक नाही.

रकाना एकोणीस: इतर काही उल्लेखनीय.
मर्यादा पाचशे अक्षरे.
लिहिलं, त्याला नाय बांधत.
खोडलं.
पुढची अमावास्या बुधवारी. सुकती पाच सव्वीसला.